‘ड्वार्फ लॉबस्टर’च्या नावाखाली मला भलताच क्रेफिश विकला

माझ्या माशांच्या दोन फुटी टाकीत वीसेक गप्पी मासे आणि व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची दाट झाडं होती. त्यात क्रेफिशची, म्हणजे नांग्या असलेल्या कोळंबीसारख्या प्राण्याची, जोडी हवी, असा लेकीचा हट्ट होता. दुकानदार त्याला सरसकट लॉबस्टर म्हणतात, पण आपली शेवंड समुद्रातली आणि हा गोड्या पाण्यातला. मी वाचून ठरवलं होतं, घ्यायचा तर मेक्सिकोच्या पात्स्क्वारो तळ्यातला ठेंगणा नारिंगी क्रेफिशच. हौशी लोक त्याला सीपीओ (‘कॅम्बारेलस पात्स्क्वारेन्सिस ऑरेंज’चं लघुरूप) म्हणतात. तो चार-पाच सेंटिमीटरवर जात नाही आणि माशांना सहसा त्रास देत नाही.

व्हॉट्सअॅपवर मुंबईच्या एका विक्रेत्याने सुंदर नारिंगी जोडीचे फोटो पाठवले. 1,400 रुपये, तेही आगाऊ. ‘ताई, नर-मादी कन्फर्म आहे, दोन महिन्यांत पिल्लं बघाल.’ ट्रॅव्हल्सच्या गाडीने थर्मोकोलचा डबा पहाटे नाशिकला आला. आत तीन-तीन सेंटिमीटरचे दोन मातकट जीव. विचारलं तर म्हणाला, ‘रंग मोठेपणी चढतो.’ मी विश्वास ठेवला. खरं तर तीन सेंटिमीटरचा सीपीओ जवळजवळ पूर्ण वाढलेला असतो, रंग यायचा तो एव्हाना आलेला असायला हवा. हे साधं गणित मला तेव्हा सुचलं नाही.

पहिल्या आठवड्यात एक मेलेला दिसला म्हणून लेक रडली. ती त्याने टाकलेली कात होती. मग कात टाकायची आणि वाढायचं, हेच चालू राहिलं. व्हॅलिसनेरिया मुळाशी कातरल्यासारखी तरंगायला लागली. रोज सकाळी गप्पी मोजल्या की एखादी कमी भरायची. तिसऱ्या महिन्यात मोठा नऊ सेंटिमीटरचा झाला, अंग लालभडक, नांग्यांवर खरखरीत पुटकुळ्या. सीपीओच्या नांग्या बारीक आणि गुळगुळीत असतात. हा अमेरिकेतला लाल दलदली क्रेफिश होता, बारा सेंटिमीटरपर्यंत सहज जाणारा. एका रात्री धाकट्याने कात टाकली. अंग मऊ असतानाच मोठ्याने त्याला फाडून खाल्लं.

जोडीचं म्हणाल तर तेही खोटंच निघालं. हे प्राणी काचेवर चढले की खालून दिसतात. नराला पोटाच्या सुरुवातीला, चालायच्या पायांच्या मधे, पुढे वळलेले कडक अवयव दोन जोड्यांत असतात; मादीला ते नसतात. माझ्याकडच्या जुन्या फोटोंत दोघांनाही ते स्पष्ट दिसत होते.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ दाखवा. नंतर म्हणाला, ‘ताई, नको असेल तर गोदावरीत सोडून द्या.’ मग मला ब्लॉक केलं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला बसले, तर माझ्याकडे त्याचा ना पत्ता, ना बिल.

पैसे गेले त्यापेक्षा ते गोदावरीचं वाक्य मला जास्त लागलं. भारतातल्या कुठल्याच नदीत क्रेफिश मूळचा नाही. 1974 मध्ये स्पेनमध्ये ग्वादलक्विवीर नदीच्या दलदलीत हाच प्राणी पाळायला म्हणून आणून सोडला. तो पसरला, भातखाचरांचे बांध बिळं करून पोखरू लागला. इगतपुरीची भातशेती डोळ्यांसमोर आणा. मादी एका वेळी शेकडो अंडी पोटाखाली वागवते, आणि हा प्राणी ओल्या जमिनीवरून चालत दुसऱ्या पाण्यात जातो. कृपा करून नदीत, तळ्यात, अगदी विहिरीतही सोडू नका.

घ्यायचाच असेल तर आधी फोटो मागा: कागदावर आजची तारीख, शेजारी मोजपट्टी, आणि एक फोटो पोटाकडून. जो द्यायला टाळाटाळ करेल त्याला पैसे पाठवू नका. शक्य असेल तर दुकानात जाऊन, बघून, बिल घेऊन आणा.

मोठा अजून माझ्याकडेच आहे. जुनी टाकी वेगळी लावली, झाकणावर वीट ठेवली, कारण फिल्टरच्या नळीला धरून तो दोनदा बाहेर आला होता. उकडलेला वाटाणा टाकला की गुहेतून नांग्या पुढे करत येतो. त्याचा यात काहीच दोष नाही, म्हणून तो जगेल तितकी वर्षं मी त्याला सांभाळणार आहे.