कॉम्प्युटर लॅबमध्ये कोणता सिलिंडर: पावडरचा की सीओटूचा?

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात आग विझवायचे सिलिंडर नवे घ्यायचे ठरले, तेव्हा स्टाफरूममध्ये हाच वाद झाला.

एबीसी पावडरचा सिलिंडर कागद, पेट्रोल, वायरिंग अशा सगळ्या आगींवर चालतो, स्वस्तही पडतो. गळ्याशी छोटा काटा असतो. तो हिरव्या पट्ट्यात दिसला की दाब ठीक. आमचे शिपाईमामा येता-जाता बघतात. पण एकदा फवारला की पावडर सीपीयूत, कीबोर्डच्या फटींत शिरते आणि दमट हवेत धातू खाते. न जळालेली यंत्रंही हातची जातात.

सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस, मागे काहीच ठेवत नाही, म्हणून लॅबसाठी माझं मत त्यालाच. मात्र त्याला काटा नसतो. भरलेला आहे का, ते वजन करूनच कळतं. आणि काळ्या भोंग्याला उघड्या हाताने धरू नका! आतून उणे ७८ अंशांचा बर्फ फवारला जातो, कातडी भाजल्यासारखी सोलते. बंद खोलीत हा गॅस ऑक्सिजनची जागा घेतो. आधी मुलांना बाहेर काढा, फवारून झालं की तुम्हीही लगेच निघा.

लायब्ररीत मात्र पावडरच हवी. गॅस उडून गेला की कागदातला निखारा पुन्हा पेट घेतो.