बिननावाच्या कॅक्टसची ओळख: अ‍ॅप, जाणकार की स्वतःची तपासणी?

सोलापुरातील बहुतेक घरगुती कॅक्टस संग्रह जवळची रोपवाटिका, गड्डा यात्रेतील दुकाने आणि ओळखीच्या घरातून आलेली पिल्ले (मोठ्या रोपाला फुटलेली छोटी रोपे) यांतून हळूहळू उभे राहतात. यांपैकी कोणत्याही वाटेने आलेल्या रोपासोबत खात्रीचे नाव क्वचितच येते. विकणाऱ्याला विचारले तर ‘कॅक्टस’ यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही, म्हणून तो मार्ग येथे विचारात घेतलेला नाही. उरतात तीन मार्ग: मोबाईलवरील अ‍ॅप, अनुभवी संग्राहकाला दाखवलेले फोटो, आणि काटे, धारा (अंगावरच्या उभ्या कडा) व फूल तपासत स्वतः नावापर्यंत पोहोचणे. प्रजातीपर्यंत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) स्वतः जावे, जाती (स्पीशीज) ठरवण्यासाठी फूल येईपर्यंत थांबून जाणकाराचे मत घ्यावे आणि अ‍ॅपचा उपयोग पहिल्या अंदाजापुरताच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्ग निवडण्यापूर्वी नाव कशासाठी हवे आहे, हे ठरवणे आवश्यक आहे. रोप जगवण्यापुरते पाहिले तर प्रजाती कळणे बहुधा पुरेसे असते. सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या वर जातो आणि त्या दिवसांत प्रत्येक प्रजातीची गरज वेगळी असते. मूळची बोलिव्हिया व उत्तर अर्जेंटिनाच्या डोंगराळ भागातील रेबुटिया गच्चीच्या तापलेल्या फरशीवर खचते, जिम्नोकॅलिशियमला दुपारी जाळीची सावली लागते, तर मेक्सिकोतील मोठा झालेला गोल्डन बॅरल तेच ऊन सहज सोसतो. याउलट बी धरायचे असेल, रोपांची देवाणघेवाण करायची असेल किंवा संग्रहाची नोंद ठेवायची असेल, तर जातीचे नाव लागते आणि तेथे घाई चालत नाही.

अ‍ॅपची जमेची बाजू म्हणजे वेग. गूगल लेन्स क्षणात उत्तर देते, परंतु ते दिसण्यातील साम्य जुळवते आणि विक्रीच्या संकेतस्थळांवरील व्यापारी नावेही तितक्याच सहजपणे पुढे करते. प्लँटनेट फोटो फुलाचा आहे की फळाचा हे लक्षात घेते, त्यामुळे फुलाचा स्वच्छ फोटो दिल्यास त्याचे उत्तर अधिक विचारात घेण्याजोगे असते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर कुंडीतील रोप ‘लागवडीतील’ म्हणून नोंदवावे लागते आणि अशा नोंदींकडे जाणकारांचे लक्ष तुलनेने कमी जाते. तिन्ही ठिकाणी खरी अडचण लहान रोपांची आहे. गोल्डन बॅरलच्या लहान रोपाला धारा नसतात, सुटे उंचवटे असतात, त्यामुळे ते मॅमिलॅरिया म्हणून सहज खपून जाते. काही विक्रेते रोपाच्या डोक्यावर वाळलेले रंगीत फूल डिंकाने चिकटवतात, आणि अशा फुलाचा फोटो दिल्यावर मिळणाऱ्या नावाला काहीच अर्थ उरत नाही. महिनोन्महिने न कोमेजणारे कागदी फूल दिसले, तर ते रोपाचे नाही असे समजावे.

जाणकार संग्राहकाचे मत अ‍ॅपपेक्षा पुष्कळ भरवशाचे असते, कारण त्याने ते रोप लहानपणापासून फुलापर्यंत वाढताना पाहिलेले असते. मात्र त्याचे उत्तर आपण पाठवलेल्या फोटोंइतकेच चांगले असणार. संपूर्ण रोपाचा एक वरून व एक बाजूने, काट्यांच्या एका पुंजक्याचा जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि फुलाचा समोरून व बाजूने, असे फोटो पाठवावेत. फुलाचा बाजूने काढलेला फोटो बहुतेक जण पाठवतच नाहीत, आणि जाणकाराला हवा असतो तो नेमका तोच.

स्वतः तपासण्याचा मार्ग सर्वांत संथ आहे, परंतु संग्रहाची खरी ओळख त्यातूनच होते. पहिला प्रश्न असा की समोरचे रोप मुळात कॅक्टस आहे का. कॅक्टसचे काटे नेहमी लवदार गादीसारख्या ठिपक्यातून निघतात, त्याला अ‍ॅरिओल म्हणतात. आपल्या बांधावरच्या शेराच्या कुळातील युफोर्बियांना अ‍ॅरिओल नसतो आणि जखम होताच त्यांतून पांढरा चीक येतो. तो चीक डोळ्यांना व त्वचेला अपायकारक असल्याने मुद्दाम काप घेऊन पाहू नये. शिवाय काही मॅमिलॅरियांतूनही दुधाळ रस येतो, त्यामुळे केवळ चिकावरून निर्णय करता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील युफोर्बिया ओबेसा आणि मेक्सिकोतील अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियस ही दोन गोल, बिनकाटेरी रोपे शेजारी ठेवली तर नवख्याची फसगत ठरलेली; पण दुसऱ्याच्या धारांवर लवीचे ठिपके ओळीने दिसतात.

त्यानंतर अंगाची ठेवण पाहावी. सुटे उंचवटे असतील आणि फुले शेंड्याभोवती कडे करून, दोन उंचवट्यांमधल्या खाचेतून येत असतील, तर ते रोप मॅमिलॅरिया असण्याची शक्यता मोठी. उंचवट्याच्या वरच्या बाजूला चर असेल आणि फूल शेंड्यावर येत असेल, तर कोरिफँथाचा विचार करावा. मात्र हा चर प्रौढ रोपातच दिसतो. काटे मोजताना मधल्या उंचीवरचा पूर्ण वाढलेला पुंजका घ्यावा आणि कडेचे व मधले काटे वेगळे मोजावेत. सावलीत लांबलेल्या रोपाच्या आकारावर व विरळ काट्यांवर विसंबू नये.

सर्वांत बोलकी असते ती फुलाची नळी, म्हणजे पाकळ्यांखालचा नळीसारखा भाग. जिम्नोकॅलिशियमच्या नळीवर गुळगुळीत, रुंद खवले असतात, लव किंवा काटे अजिबात नसतात. एकिनॉप्सिसची नळी केसाळ असते. पॅरोडियाच्या नळीवर लोकर आणि राठ केस दोन्ही असतात, आणि पूर्वी नोटोकॅक्टस म्हटल्या जाणाऱ्या तिच्या अनेक जातींत पिवळ्या फुलाच्या मध्यभागी लाल-जांभळी कुक्षी (स्त्रीकेसराचे टोक) उठून दिसते. रेबुटियाची फुले बहुधा बुडाजवळून निघतात. एकिनॉप्सिसच्या अनेक जातींची पांढरी फुले रात्री उमलतात आणि आपल्याकडच्या उन्हात फार काळ टिकत नाहीत, म्हणून पहाटेच फोटो काढून घ्यावेत. गॅलरीत ऊन कमी असल्याने ज्यांच्याकडे रोपे फुलतच नाहीत, त्यांना हा मार्ग अर्ध्यावर सोडावा लागेल; त्यांनी प्रजातीवर समाधान मानणे इष्ट.

कलमी रोपांबाबत एक दक्षता घ्यावी. बाजारात मिळणाऱ्या लाल किंवा पिवळ्या गोळ्याच्या रोपात वरचा भाग हरितद्रव्य नसलेला जिम्नोकॅलिशियम असतो आणि खालचा तीनधारी खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटचा असतो. आपल्या जिल्ह्यात ही लागवड पाहिलेल्या माणसाला तो लगेच ओळखू येईल. अशा रोपाची नोंद करताना दोन्ही नावे लिहावीत.

तिन्ही मार्गांनी वेगवेगळी नावे आली, तर दर वेळी कोणी तरी चुकलेच आहे असे नाही. गोल्डन बॅरल २०१४ साली एकिनोकॅक्टसमधून क्रोनलेनिया या प्रजातीत हलवला गेला आणि ड्रॅगन फ्रूट २०१७ साली हायलोसेरियसमधून सेलेनिसेरियसमध्ये गेले, पण जुनी नावे अजूनही सर्रास चालतात. म्हणून मतभेद दिसताच आधी दोन्ही नावे एकाच रोपाची आहेत का, हे लंडनमधील क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या ऑनलाइन सूचीत पडताळून पाहावे. अ‍ॅस्ट्रोफायटम आणि एकिनॉप्सिस या प्रजातींत प्रत्येकी इतके संकर झाले आहेत की रोपवाटिकेतून आलेल्या काही रोपांना जातीचे एकच नाव प्रामाणिकपणे देताच येत नाही. त्यांच्या नावाच्या पट्टीवर प्रजातीपुढे ‘संकर’ लिहावे. बाकीच्या कुंड्यांना आजच क्रमांक द्यावेत, वहीत त्या क्रमांकासमोर रोप कोठून आले व कधी फुलले हे टिपावे आणि जातीची जागा खात्री होईपर्यंत मोकळी ठेवावी. केवळ अंदाजाने लिहिलेले नाव पिलांसोबत दुसऱ्यांच्या घरी जाते आणि तेथे ते पक्के मानले जाते.