रायझन ५ ५६०० आणि ३६००ची रॅम: नागपूरचा हिवाळा-उन्हाळा काढल्यानंतर

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरवून दिलेल्या वेगापुढे चालवणं. ते करायचं असेल तर आधी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून रॅमचा वेग बघा. बिलावर ३२०० लिहिलेली रॅम बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा जाहीर वेग लावणारी तयार प्रोफाइल, चालू केल्याशिवाय बहुतेक वेळा २१३३, २४०० किंवा २६६६वरच चालते. काही मदरबोर्डांवर हेच डीओसीपी नावाने दिसतं. रॅमच्या दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये (दोन्हींतून एकाच वेळी डेटा जाईल अशा) असतील तर २१३३ला कागदावरचा डेटावेग सेकंदाला ३४ जीबी, ३२००ला ५१ जीबी. नव्या माणसाला ओव्हरक्लॉकिंगमधून मिळणाऱ्या फायद्याचा मोठा वाटा या एका सेटिंगमध्येच आहे. ते न करता प्रोसेसरच्या मागे लागणारे पाहिले की वाईट वाटतं.

माझं मशीन साधं आहे: रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, ३२०० सीएल१६ची (सीएल म्हणजे प्रतिसाद येईपर्यंत जाणारे ठोके) ८-८ जीबी रॅम आणि एक टॉवर कूलर. हिवाळ्यात एक्सएमपीवरून पुढे ३६००वर गेलो. या पिढीच्या रायझनमध्ये रॅम आणि इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या भागांना जोडणारा आतला दुवा) एकाच चालीत चालले तर उत्तम, आणि रॅमचे खरे ठोके लिहिलेल्या आकड्याच्या निम्मे असल्याने ३६००ला फॅब्रिक १८००वर ठेवावं लागतं. बहुतेक चिप तेवढं सहज पेलतात. त्यापुढचे मोठे आकडे दिसायला छान असतात, पण फॅब्रिकची साथ सुटली की उलट प्रतिसादाला लागणारा वेळ वाढतो.

टायमिंगचं गणित मात्र समजून घ्याच. सीएलला २०००ने गुणून रॅमच्या वेगाने भागलं की नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल१६ म्हणजे १०, आणि ३६०० सीएल१८ म्हणजेही १०. म्हणजे सीएल१८वर प्रतिसादाची ही वेळ तीच राहते, फक्त डेटावेग आणि फॅब्रिक वाढतं. ३६०० सीएल१६ झालं तर ८.९. मला तेच हवं होतं, आणि १.३८ व्होल्टवर जानेवारीत ते मेमटेस्ट८६ आणि टेस्टमेम५ या रॅम तपासणाऱ्या दोन्ही प्रोग्रॅममध्ये स्वच्छ पास झालं.

मे महिन्यात त्याच सेटिंगवर चुका दिसू लागल्या. कारण सरळ आहे. रॅमचा प्रत्येक बिट एका बारीक कपॅसिटरमधल्या विद्युतभारावर टिकतो. तो भार सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत त्याला ताजं करावं लागतं. उष्णता वाढली की गळती वाढते. आमच्याकडे बाहेर ४५ अंश, खोलीत डेझर्ट कूलर लावूनही ३८, आणि त्यात ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमवर. पुण्या-बंगळुरूच्या हवेतल्या कुणाचे टायमिंग विदर्भात जसेच्या तसे उतरवू नका, असं मी ठासून सांगेन. सीएल१८वर आलो, रॅमच्या अंगावर पुढचा पंखा येईल असा फिरवला, आणि तेव्हापासून एकही चूक नाही. रॅमची चूक दरवेळी निळा स्क्रीन देऊन जात नाही. ती गुपचूप फाइल खराब करते, आणि फोटो किंवा प्रोजेक्ट बिघडल्याचं महिन्यांनी कळतं. म्हणून चाचणी रात्रभर, तीही विंडोजच्या बाहेर पेनड्राइव्हवरून.

प्रोसेसरचं थोडक्यात. सगळे कोअर एका वेगावर बांधून टाकण्याचा जुना प्रकार ५६००वर करू नये. एका कोअरचा बूस्ट (गरजेला आपोआप चढणारा वेग) जातो, रिकाम्या वेळी उगाच वीज जाते. त्याऐवजी पीबीओमध्ये (एएमडीच्या बूस्ट वाढवणाऱ्या सेटिंगमध्ये) कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा, तो कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करतो. पॉवरची मर्यादा मी मूळचीच, ७६ वॉट ठेवली आणि कर्व्ह उणे १५ केला. व्होल्टेज कमी, त्यामुळे तेवढ्याच विजेत वेग उंच टिकतो. आमच्या उन्हाळ्यात हे अगदी मोलाचं आहे. एकदम उणे ३० लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. सगळ्यात चांगले कोअर आधीच उंच बूस्टवर जातात, त्यांना व्होल्टेज कमी केलेलं सहसा सोसत नाही. आणि बिघाड पूर्ण लोडवर नाही, तर मशीन नुसतं बसलेलं असताना, अचानक रीस्टार्ट होऊन दिसतो. सिनेबेंच (पूर्ण लोडची चाचणी) पास झालं म्हणून स्थिर, असं समजू नका. कोअरसायकलर हा प्रोग्रॅम लावून एकेक कोअर तपासा आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया (WHEA, म्हणजे हार्डवेअरची) एरर आहे का बघा.

फरक कुठे जाणवतो? सेव्हन-झिपने मोठी फोल्डर दाबताना आणि प्रोसेसरवर अडणाऱ्या गेममध्ये, जिथे मधेच येणारे झटके कमी होतात. ग्राफिक्स कार्डावर अडणाऱ्या गेममध्ये काहीच नाही, ब्लेंडरच्या रेंडरमध्ये रॅमचा फरक नगण्य.

ए५२० बोर्ड असेल तर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग विसरा, रॅमचं मात्र करता येतं. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, हे सुरू करण्याआधी मनाशी पक्कं करा. स्क्रीन आलाच नाही तर मशीन बंद करून प्लग काढा आणि बोर्डावरचा क्लिअर सीमॉस जंपर वापरा, त्याने बायोसचं सेटिंग मूळ जागी येतं. आणि बायोस अपडेट केलं की एक्सएमपीसकट सगळं मूळ जागी जातं, जतन केलेली प्रोफाइलंही नव्या आवृत्तीत बरेचदा उघडत नाहीत. तेव्हा सेटिंग स्थिर झालं की बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा.