भिंतीतला करकर आवाज: शोधत बसायचं, भिंत फोडायची की ती लाइनच सोडून द्यायची?

भिंतीतून करकर किंवा गुणगुण ऐकू येते म्हटलं की गावात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "भिंत फोडून पाहा." दुसरा, "काही नाही होत, राहू द्या." दोन्ही सल्ले देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. या दोहोंच्या मधले मार्ग कोणते, कोणता कोणाला परवडतो आणि कशातून नेमकं काय कळतं, ते इथे समोरासमोर ठेवतो. लिहिताना अमरावती जिल्ह्यातली मोर्शी-वरुडकडची घरं डोळ्यासमोर आहेत: अर्धं घर जुनं मातीचं, वर कवेलू नाहीतर टिन, त्याला लागून घरकुलात किंवा एखाद्या बऱ्या संत्र्याच्या वर्षी उभ्या राहिलेल्या विटांच्या दोन खोल्या, आणि जुन्याच बोर्डातून पुढे ओढत नेलेली लाइन.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आवाजाची नेमकी जागा सापडलीच पाहिजे, हा हट्ट धरू नका. तो कोणत्या लाइनवर आहे एवढं कळलं तरी निर्णय घेता येतो.

खर्च करायच्या आधी

मेन स्विच पाडा आणि ऐका. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन पडताच इन्व्हर्टर आपणहून घरातल्या तारांत २३० व्होल्ट सोडतो आणि आपण समजतो की घर बंद आहे. दोन्ही बंद करूनही आवाज चालूच असेल, तर तो घरातल्या वायरिंगचा नाही. मातीच्या भिंतीत वाळवी असते, उंदीर असतो; लाकडी मयालीत, म्हणजे छताच्या तुळईत, भोक पाडून बसणारा काळा भुंगा तर असा घुमतो की चांगले चांगले फसतात. एकच अपवाद ध्यानात ठेवा: खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर मेन पाडल्यावरही चालूच असते. आवाज मीटरच्या आसपास असेल तर तिथे हात घालू नका. तो भाग महावितरणचा, आणि तक्रारीचा नंबर १९१२.

मेन पाडल्यावर आवाज गेला, तर पुढचा प्रश्न: तो लोडसोबत बदलतो का? सगळी बटणं बंद करा, मेन चालू करा, मग एकेक वस्तू लावत जा.

इस्त्री-रॉडसारखा जड लोड नसतानाही एकसारखी गुणगुण येत असेल तर आधी भिंतीला टेकलेल्या वस्तूंवर संशय घ्या: स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, जुन्या ट्यूबलाइटची चोक. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे या वस्तूंच्या आतल्या लोखंडी पट्ट्या सेकंदाला १०० वेळा थरथरतात आणि भिंत ती थरथर पलीकडच्या खोलीत पोचवते. वस्तू भिंतीपासून सुटी केली की निकाल लागतो. कूलरचंही तेच. मे महिन्यात खिडकीत, लोखंडी स्टँडवर बसवलेला कूलर अख्खी भिंत वाजवतो. स्टँडच्या पायाखाली जुन्या ट्यूबचे रबरी तुकडे दिले की बऱ्याच घरांतलं भिंतीतलं भूत तिथेच उतरतं. (कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढा. दर उन्हाळ्यात विदर्भात या एका गोष्टीनं माणसं जातात.)

वस्तू सुट्या करूनही आवाज येतो, आणि तोही फक्त पावसाळ्यात, भिंत ओली असताना, तर इन्सुलेशन गेलेल्या तारेतून ओल्या भिंतीत करंट उतरत असावा. अशा भिंतीला हात लावू नका.

आणि इस्त्री, रॉड, मिक्सर लावला की तडतड सुरू, काढला की बंद, असं असेल तर कुठेतरी सांधा ढिला आहे. खरा धोका हाच. इथे बहुतेक जण म्हणतात, "एमसीबी टाकली आहे ना, पडेल की." नाही पडणार. एमसीबी म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की लाइन तोडणारा स्विच. ढिल्या सांध्यातून जाणारा करंट त्या वस्तूला लागतो त्याहून जास्त नसतोच, मग एमसीबीला कळणार कसं? करंट जमिनीत गळला की पडणारी आरसीसीबीही गप्प बसते, कारण इथे करंट जमिनीत उतरत नाही. तारेतच, जागच्या जागी जळत असतो. हिशेब करून पाहा. १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो. सांध्यात एक ओहम रेझिस्टन्स जमला असेल, तर तेवढ्याशा जागी ४२ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न कथलाचा डाग वितळवते. इथे सांधा प्लास्टरच्या आत, आणि जुन्या खोलीत शेजारी सुकं लाकूड.

कान की रेडिओ

घरच्या घरी शोधायचे हे दोन मार्ग, दोन्ही जवळजवळ फुकट.

कानाचा मार्ग सोपा. ठिबकच्या १६ एमएम नळीचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी, दुसरं भिंतीवर फिरवत न्या. डॉक्टरच्या नळीसारखंच काम करते, आणि संत्र्याच्या पट्ट्यात तिचा तुकडा कोणत्याही घरी सापडतो. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐकायची खोड असते काहींना. भिंतीतल्या विजेसाठी ते चुकूनही करू नका. कानाची अडचण अशी, की विटांच्या भिंतीत आवाज पसरतो आणि पाइप असेल तर त्यातून दूर जाऊन निघतो. सांधा एका बोर्डात, आवाज दुसऱ्या बोर्डातून, असं सर्रास होतं. मातीची जाड भिंत मात्र आवाज गिळते, म्हणून तिथे तो जिथे ऐकू येतो, मूळ बहुधा त्याच्या जवळच असतं.

रेडिओ म्हणजे जुना ट्रान्झिस्टर, मीडियम वेव्हचा. मोबाइलमधल्या एफएमचा इथे उपयोग नाही. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवा आणि सेट भिंतीजवळून हळूहळू फिरवा. ठिणगी पडणारा सांधा रेडिओत खरखरतो, अगदी कानाला काहीही ऐकू येत नसतानासुद्धा. हा त्याचा मोठा फायदा. तोटा असा, की स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही तसेच खरखरतात. ते सगळे बंद करून, फक्त इस्त्री लावूनच तपासावं लागतं. शिवाय खरखर सांध्यापाशी थांबत नाही, अख्ख्या तारेवर पसरते. रेडिओनं लाइन कळते, जागा नाही.

वयस्कांना बारीक आवाज ऐकू येत नाही, त्यांनी रेडिओ घ्यावा. ज्यांच्याकडे ट्रान्झिस्टर नाही त्यांनी यासाठी मुद्दाम विकत घेऊ नये. त्या पैशात व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर येतो आणि तो जास्त कामाचा.

वायरमन बोलवावा, पण कोणता?

गावात हाकेला धावून येणारा वायरमन आणि तालुक्याहून येणारा परवानाधारक, यांत पैशाचा फरक आहेच, पण खरा फरक हातातल्या अवजाराचा. नुसता टेस्टर घेऊन आलेला माणूस दिवा पेटलेला दाखवून "लाइन तर बराबर हाय" म्हणेल. टेस्टर पेटायला कणभर करंट पुरतो. सांधा किती ढिला आहे हे त्यावरून कधीच कळणार नाही.

मेगर आणणारा भेटला तर उत्तमच, पण मेगर कशासाठी हे आपल्याला माहीत हवं. तो ५०० व्होल्ट सोडून तारेचं इन्सुलेशन तपासतो. सगळी उपकरणं काढून घेतलेलं माप एक मेगओहमच्या खाली आलं, तर भिंतीत गळती आहे. ओल्या भिंतीच्या आवाजासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. ढिला सांधा मात्र मेगरला दिसत नाही! मेगर लावून "सगळं ठीक" ऐकलं म्हणून रॉडवर तडतडणारी लाइन ठीक झाली असं समजू नका.

त्यासाठी साधा मल्टिमीटर. संशयित बोर्डावर आधी लोड नसताना व्होल्टेज मोजायचं, मग त्याच बोर्डावर इस्त्री लावून पुन्हा. दोन-तीन व्होल्ट लांब तारेतच जातात, ते सोडून द्या. त्याहून बरंच जास्त पडलं, किंवा आकडा सारखा नाचू लागला, तर सांधा आहे. आपल्याकडे एक भानगड म्हणजे डीपीवरूनच (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) व्होल्टेज वरखाली होत असतं, ओलिताच्या दिवसांत तर विचारूच नका. म्हणून तेच माप इस्त्री चालू असताना मेनजवळही घ्यायचं. तिथेही तेवढंच पडलं तर दोष घरातल्या लाइनचा नाही, मेनच्या किंवा त्याच्याही आधीचा. चालू सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या पिना घालायची सवय नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्या, पण "लोडवर माप" असं शब्द वापरून सांगा.

शेजारच्या काकूंकडे हेच झालं. काकू म्हणाल्या, "भाऊ, भितीत काहीतरी करकर करून राह्यलं. रॉड लावला का सुरू होते." वायरमननं बोर्ड पाहिला आणि म्हणाला, "रॉड कायले लावता काकू याच्यावर? लाइटाची तार हाय हे." भिंत फोडायची तयारी झाली होती. त्यानं आधी नुसती बोर्डाची शीट उघडली. आत कुंभारीण माशीचं मातीचं घर, त्याच्यामागे न्यूट्रलचा पिळून केलेला सांधा. टेप वितळून चिकट झालेली, सॉकेटचा कोपरा चहाच्या रंगाचा, आणि सुक्या मासळीसारखा उग्र वास. अॅल्युमिनियमची जुनी तार आणि तांब्याची नवी तार एकमेकींना नुसत्या गुंडाळल्या होत्या. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, दाबाखाली ते हळूहळू पसरतं, पकड सुटते. जुनी खोली आणि नवी खोली जिथे जुळते, तिथला सांधा आधी तपासा असं मी म्हणतो ते यासाठी. भिंतीच्या आधी बोर्ड, आणि बोर्डाच्याही आधी मेनमधले स्क्रू. हे सगळं मेन आणि इन्व्हर्टर पाडून.

बोर्डांत काहीच नाही सापडलं तर

मग सांधा खरंच भिंतीत आहे. मिस्त्रीनं प्लास्टरखाली दाबलेला, डबी-बिबी काही नाही. इथे दोन रस्ते.

फोडण्यात जागा सापडते, मनाचं समाधान होतं. पण मातीची भिंत एका वितीसाठी फोडली की हातभर ढासळते. विटांच्या भिंतीत प्लास्टर, पुट्टी, रंग आला, आणि रंग कधी जुळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे बहुतेक वेळा तोच सांधा नवी टेप लावून पुन्हा भिंतीतच पुरला जातो.

सोडून देणं म्हणजे ती लाइन दोन्ही टोकांना काढून टाकायची आणि भिंतीवरून प्लास्टिकच्या केसिंग पट्टीतून नवी तार न्यायची. दिसायला ओबडधोबड; बैठकीत पट्टी दिसते म्हणून सुना-पोरी नाक मुरडतात. पण काम दिवसभरात होतं, पुढे काही बिघडलं तर उघडून पाहता येतं, आणि मातीच्या घरात तर भिंतीला पट्टीच बरी. भिंतीत पूर्ण पाइप असेल तर तिसरा रस्ता निघतो: मेन आणि इन्व्हर्टर पाडून तार ओढून पाहा. सरकली तर तिच्याच टोकाला नवी बांधून ओढून घ्या. जागची हलली नाही, तर ती प्लास्टरमध्येच रोवलेली आहे. तिचा नाद सोडा.

मी सोडून देण्याच्या बाजूचा. फोडायला फक्त एकाच ठिकाणी हो म्हणेन: मेगरनं गळती दाखवली आहे, भिंत न्हाणीघराची आहे आणि ओल येते कुठून तेही पाहायचं आहे.

नवी लाइन टाकताना लाइट-पंख्याला दीड स्क्वेअर एमएमची तार पुरते. रॉड, इस्त्री, कूलरच्या सॉकेटला अडीचची घ्या, सोबत हिरवी अर्थिंगची तार, आणि मध्ये कुठेही सांधा नको: बोर्ड ते बोर्ड एकसंध. जुन्या तारेचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही मेनच्या बाजूनं सोडवले आहेत ना, ते स्वतः उभं राहून पाहा, कारण वायरमन घाईत फक्त फेज काढतो. ही कामं शिमग्याच्या आत उरकली तर वायरमन मिळतो. एकदा कूलर लागले की त्याचा फोनही लागत नाही.

भिंत हाताला कोमट लागते, जळका वास येतो, किंवा घरभर दिवे एकदम प्रखर होऊन मंदावतात, असं काही असेल तर वरचं काहीच करत बसू नका. मेन पाडा, इन्व्हर्टर बंद करा, आणि दिवे वरखाली होत असतील तर १९१२ ला फोन लावा: न्यूट्रल डीपीवर तुटलेला असेल तर घरातल्या सॉकेटात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात.