गरम इंजिन, ताजे ऑइल आणि काळा रंग : जुनी डर्ट बाइक घेताना झालेली माझी फसवणूक

ठिबक सिंचनाच्या कामासाठी मला आठवड्यातले चार-पाच दिवस मोहोळ, मंगळवेढा आणि अक्कलकोट तालुक्यांतील शेतांवर जावे लागते. डांबरी रस्ता सोडून पाणंदीला लागले की साध्या गाडीचे हाल होतात, आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस झाला तर मडगार्डमध्ये चिखल बसून चाकच फिरेनासे होते. म्हणून उंच आणि मोठ्या चाकाची गाडी घ्यायची हे दोन वर्षांपासून मनात होते. हीरोची एक्सपल्स २०० ही गाडी २०१९ साली बाजारात आली. पुढचे चाक २१ इंचांचे, मागचे १८ इंचांचे आणि जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर. नवी परवडणार नव्हती, त्यामुळे त्याच पहिल्या वर्षातली जुनी गाडी मी गेल्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा संपत आली असताना, सोलापुरातील जुन्या गाड्यांच्या एका दुकानातून ८२,००० रुपयांना घेतली. गाडीच्या बनावटीविषयी माझी काहीही तक्रार नाही. जे सांगायचे आहे ते विकणाऱ्याने ती गाडी मला कशी आणि कोणत्या वेळी दाखवली, याविषयी आहे.

मी अगदीच डोळे झाकून गेलो नव्हतो. सरकारच्या एमपरिवाहन ॲपवर नंबर टाकून पाहिला होता. गाडी एमएच-१३ पासिंगची, विमा आणि पीयूसी चालू. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवले. मीटरवर ११,४०० किलोमीटर दिसत होते. "डॉक्टरांची गाडी आहे सर, घर ते दवाखाना, दुसरं काही नाही," असे दुकानदाराने सांगितले. गाडी आरशासारखी धुतली होती, इंजिनखालच्या बॅश प्लेटला, म्हणजे दगडांपासून इंजिन वाचवणाऱ्या पत्र्याला, नवा काळा रंग होता आणि "कालच सर्व्हिसिंग केलंय" म्हणून त्याने ऑइलची काडी पुसून मधासारखे स्वच्छ ऑइलही दाखवले. मी सकाळी येतो म्हटले होते, तर त्याने दुकान उशिरा उघडते असे सांगून संध्याकाळी साडेसहाची वेळ दिली. मी पोहोचलो तेव्हा इंजिन गरम होते, कारण म्हणे आत्ताच एक गिऱ्हाईक चक्कर मारून गेले होते. होटगी रोडवर मी दोन किलोमीटर चालवून पाहिली, एका किकमध्ये म्हणावी तशी बटणावर सुरू झाली, आवाज मऊ होता, आणि त्याच रात्री पैसे देऊन मी गाडी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत ती पहिल्यांदा थंड सुरू झाली आणि सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट आला. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "थंडीत धूर दिसतोच की सर." हे उत्तर मला पटले, आणि ते पटायला नको होते. थंडीत सायलेन्सरमधून निघते ती पांढरी वाफ असते, ती दोन हात वर जाऊन विरते आणि तिला वास नसतो. हा धूर निळा होता, गल्लीत रेंगाळला, आणि जळक्या तेलाचा वास कपड्यांना लागला. ऑइल ज्वलनकक्षात जाऊन जळत असल्याची ती खूण होती. नुसती गाडी सुरू करताना तो येत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. इंजिनावर जोर पडताना, चढावर येत असेल तर पिस्टन रिंग आणि सिलिंडर. माझ्या गाडीचा धूर दोन्ही वेळा येत होता.

पुढच्या तीन आठवड्यांत साधारण ४०० किलोमीटर झाले आणि ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेले. तेव्हा मी गाडी पूर्व भागातील एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी गाडी सुरूच केली नाही. हात पुसत पहिला प्रश्न विचारला, "घेताना इंजिन थंड होतं का, सर?" मी नाही म्हटले. "मग काय बघितलं?" एवढेच ते म्हणाले आणि एअर फिल्टरचा डबा उघडायला बसले.

तो डबा उघडल्यावर जे दिसले ते मी विसरणार नाही. बाहेरून आरशासारख्या गाडीच्या आत फिल्टर एका कडेला फाटलेला होता आणि डब्याच्या तळाशी पिठीसारखी बारीक काळी माती साचलेली होती. अण्णांनी फिल्टरच्या पलीकडे, इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट घातले आणि माझ्यापुढे धरले; बोटाचे टोक काळेभोर होते. ज्या बाजूला फक्त स्वच्छ हवा असायला हवी, तिथपर्यंत माती पोहोचली होती. शहरातल्या गाडीत फिल्टर थोडा उशिरा बदलला तर ॲव्हरेज कमी होते, पण रानात चालणाऱ्या गाडीत फाटका फिल्टर म्हणजे हवेबरोबर माती सिलिंडरमध्ये जाणे, आणि ही माती रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये सापडून पॉलिश पेपरसारखे काम करते. ब्लॉक उघडल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर उभे चरे नखाला लागत होते.

ऑइल काढले तेव्हा दुसरी गोष्ट कळली. ते कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपेक्षा बरेच जाड होते. झिजलेल्या इंजिनात जाड ऑइल भरले की काही दिवस आवाज दबतो आणि धूरही कमी दिसतो, आणि माझ्या टेस्ट राइडमधला तो मऊ आवाज त्याचाच होता. ताजे ऑइल दाखवण्यात आणखीही एक सोय असते, जी मला तोवर सुचली नव्हती. जुने ऑइल गाडीचा इतिहास सांगते: दुधाळ असेल तर पाणी गेले आहे, चमकत असेल तर आतला धातू झिजतो आहे. ते ओतून टाकले की पुरावाच गेला. अण्णांनी ते ४०० किलोमीटर चाललेले ऑइल ट्रेमध्ये घेऊन उन्हात तिरपे धरले, तर त्यात चंदेरी झाक तरंगत होती. लोहचुंबक फिरवला तेव्हा त्याला थोडाच कीस चिकटला. बाकीचा ॲल्युमिनियमचा होता.

त्यानंतर बॅश प्लेट काढली. नव्या काळ्या रंगाखाली प्लेट मधोमध आत चेपलेली होती, आणि तिच्या वर, क्रॅंककेसच्या (इंजिनच्या खालच्या कवचाच्या) डाव्या तळाला, रुपयाएवढ्या जागेत एम-सील थापून त्यावर चंदेरी स्प्रे मारलेला होता. अण्णांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ते खरवडले. खाली चीर होती आणि खरवडताच तिच्यातून ऑइलचा एक थेंब फुटला. घर ते दवाखाना जाणाऱ्या गाडीच्या पोटाला असा दगड लागत नाही. फसवणूक झाली हे मला खऱ्या अर्थाने त्या थेंबाने कळले, कारण फिल्टरकडे दुर्लक्ष होऊ शकते, पण एम-सीलवर चंदेरी रंग कोणी चुकून मारत नाही.

मीटरची गोष्ट मी स्वतः शोधली, आणि ती विकत घेण्याआधी सहज शोधता आली असती. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्या मागच्या टायरवर २३२३ होते, म्हणजे २०२३ सालचा तेविसावा आठवडा. ११,४०० किलोमीटर घर ते दवाखाना चाललेल्या गाडीचा टायर बदलावा का लागला? चेन आणि तिची दातेरी चाकेही (स्प्रॉकेट) दुसऱ्याच कंपनीची बसवलेली होती. पुढच्या ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, आणि माझी डिस्क तिच्या जवळ येऊन ठेपली होती. मग मी आरसी घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो, तेव्हा चेसिस नंबरावर २०२२ सालच्या शेवटच्या सर्व्हिसिंगची नोंद निघाली: २७,८६० किलोमीटर.

बाकीची कामे थोडक्यात सांगतो. पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवले तर मधोमध खटका लागत होता, म्हणजे कोनसेट (हँडलचे बेअरिंग) गेलेला. मागचे चाक आडवे हलवले तर स्विंग आर्मचा, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा, बुश वाजत होता. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळ्या दुकानात पुसून ठेवल्यामुळे कोरड्या दिसल्या होत्या, पण नान्नजपर्यंतच्या एका फेरीनंतर त्यांच्यावर धुळीचे ओले कडे जमले. सील बदलावे लागले. ब्लॉक-पिस्टन, क्रॅंककेसचे अर्गन वेल्डिंग, सील, बुश, कोनसेट, डिस्क आणि मजुरी धरून २८,६०० रुपये लागले. अण्णांनी मजुरीत बरीच सूट दिली, तरीही.

कागदपत्रांतही मी कमी पडलो. दुकानदाराने मला गाडी नावावर करण्यासाठी लागणारे, मालकाच्या सह्या असलेले फॉर्म २९ आणि ३० दिले होते, पण आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच होता आणि तो उतरवण्यासाठी लागणारा फॉर्म ३५ "आठ दिवसांत" येणार होता. राज्यातल्या राज्यात विकत घेणाऱ्याने हस्तांतराची माहिती ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते. माझे ३० दिवस त्या आठ दिवसांची वाट पाहण्यात गेले. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी प्राधिकाऱ्याकडून फॉर्म २९ बी मधील प्रमाणपत्र घ्यावे लागते, हे मला नंतर समजले. त्याविषयी विचारले तेव्हा दुकानदाराने पहिल्यांदा आवाज चढवला.

पैसे मागितले तर त्याने पावतीवरचे "जशी आहे तशी" हे शब्द दाखवले. ते शब्द मीच सही करून मान्य केले होते, हे खरे आहे. पण चीर लपवणे आणि मीटर मागे फिरवणे हे त्या शब्दांत बसत नाही, असे मी त्याला लेखी कळवले. काढलेल्या एम-सीलचे, डिस्कचे आणि सर्व्हिस नोंदीचे फोटो जोडून रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हेही नोटिशीत लिहिले. अठरा दिवसांनी त्याने फॉर्म ३५ आणि ११,००० रुपये दिले. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा आयोगात द्यायची माझी तक्रार तयार आहे. अण्णांनी सुट्या भागांच्या पावत्यांवर प्रत्येक भागाची अवस्था स्वतःच्या अक्षरात लिहून दिली आहे, आणि ते खरवडलेले एम-सील मी पाकिटात घालून तक्रारीला जोडले आहे.

परवा त्या दुकानावरून जाताना आत तसलीच आणखी एक उंच गाडी उभी दिसली. धुतलेली होती, आणि तिच्या बॅश प्लेटला ताजा काळा रंग होता.