वीजबिल: एकच दर बरा की घड्याळाप्रमाणे बदलणारा?

संध्याकाळी सात वाजता आपल्या घरात काय काय चालू असतं, ते एकदा मोजून बघा. शेगडी, एसी, गिझर, सगळ्या खोल्यांतले दिवे, आणि कुणीतरी बाहेरून आल्या आल्या लावलेलं वॉशिंग मशीन. वेळेनुसार दर, म्हणजे गर्दीच्या वेळी महाग नि एरवी स्वस्त वीज, घ्यायचा का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. कंपनीचं दरपत्रक नंतर बघितलं तरी चालेल.

एकच दर म्हणजे युनिट पहाटे जाळा नाहीतर संध्याकाळी, भाव तोच. फार तर वापर वाढला की वरचा टप्पा लागतो. डोक्याला ताप नाही. पण वीज पुरवायचा खर्च दिवसभर सारखा नसतो. दुपारी सौर वीज भरपूर असते; ऊन उतरतं आणि नेमकी तेव्हाच घरोघरी बटणं दाबली जातात. कॅलिफोर्नियात विजेचं जाळं चालवणाऱ्या संस्थेने 2013 मध्ये हा उतार-चढाव आलेखात मांडला, तो दिसायला बदकासारखा, म्हणून त्याला ‘डक कर्व्ह’ म्हणू लागले. त्या बदकाची मान चढते तेव्हा महागडी वीजकेंद्रं झटपट चालवावी लागतात. एकच दर असला की तो खर्च सगळ्यांच्या बिलात सारखा मुरतो, संध्याकाळी एक दिवा नि एक पंखा लावणाऱ्याच्याही. म्हणून वेळेनुसार दराची कल्पना मला मुळात न्याय्य वाटते.

फायदा किती, हे मात्र दोन दरांमधल्या अंतरावर ठरतं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने मे 2023 पासून घरांना रात्रीच्या स्वस्त विजेचा पर्याय दिला. सुरुवातीला रात्री 11 ते सकाळी 7 या वेळेत युनिटला 2.4 सेंट, आणि कामाच्या दिवशी दुपारी 4 ते रात्री 9 मध्ये 24 सेंट. दहापट! त्याच वेळी टप्प्यांच्या योजनेत वरचा दर 10.3 सेंट होता. म्हणजे संध्याकाळच्या प्रत्येक युनिटमागे 13.7 सेंटचा तोटा, रात्रीच्या युनिटमागे 7.9 सेंटची बचत. संध्याकाळी एक युनिट जाळलं, तर ते भरून काढायला रात्री पावणेदोन युनिटं हवीत. रात्री इलेक्ट्रिक गाडी चार्ज होणाऱ्या घराला हे सहज जमतं. बाकीच्यांनी रात्री एवढी वीज जाळायची तरी कशात? फ्रीज काही रात्रीपुरता चालवता येत नाही.

भारताच्या 2023 च्या ग्राहक हक्क नियमांत हे अंतर बरंच कमी आहे: सौर तासांत नेहमीपेक्षा किमान 20 टक्के स्वस्त, गर्दीच्या वेळी घरांसाठी किमान 10 टक्के महाग. मूळ दर तोच राहिला आणि फरक एवढाच असला, तर संध्याकाळच्या एका युनिटमागे दुपारी अर्धं युनिट पुरतं. गिझर आणि कपडे धुणं दुपारवर नेता येत असेल, तर हा सौदा घ्यावा. दिवसभर घराला कुलूप असेल, तर हाती फारसं लागणार नाही.

तिसरा प्रकारही असतो: थेट घाऊक बाजाराचा दर. त्याच्या वाटेला जाऊ नका. फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात टेक्सासमध्ये घाऊक भाव मेगावॉट-तासाला, म्हणजे हजार युनिटांना, 9,000 डॉलरच्या कमाल मर्यादेवर जाऊन बसला. युनिटला 9 डॉलर! असा करार केलेल्या घरांना काही दिवसांसाठी हजारो डॉलरची बिलं आली, आणि पुढे राज्याने कायदा करून घरांसाठी हा प्रकारच बंद केला. थंडीने गारठलेल्या माणसाला ‘हीटर रात्री लावा’ असं कोण सांगणार?

धोरणाच्या वादातही माझा जीव तिथेच अडकतो. स्पेनमध्ये जून 2021 पासून सरकारी नियमाने ठरणाऱ्या दराच्या ग्राहकांना तीन वेळांचे दर लागू झाले, तेव्हा इस्त्री मध्यरात्री करायची का, यावर देशभर रान उठलं. तो राग मला पटतो, कारण घरातल्या कामाची वेळ बदलायची म्हणजे कुणीतरी रात्री जागायचं, आणि बहुतेक घरांत ते कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या घरात आजाऱ्याचं ऑक्सिजन यंत्र चोवीस तास चालतं, तिथे तर वेळ बदलायचा प्रश्नच येत नाही. अशा घरांवर हा दर लादू नये. ज्यांना वेळ बदलता येते त्यांना तो खुशाल द्यावा, आणि वर्षभर तरी परत जुन्या दरावर यायची मुभा ठेवावी.

सही करण्याआधी आठवडाभर मीटरपाशी एक कागद चिकटवा. गर्दीची वेळ सुरू होताना आणि संपताना रीडिंग लिहा. स्वस्त वेळेचंही तसंच. शेवटच्या दिवशी दोन्ही बेरजा शेजारी मांडा आणि वरचं गणित आपल्या दरांनी करा. आठवड्यात एक रविवार आणि एक पाहुण्यांचा दिवस येईल असं बघा, नाहीतर आकडे उगाच गोड दिसतील.