नारळाखाली तंबू: मांडवा ते गुहागर, पाच दिवस सायकलवर

सायकल सफरीच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘समुद्राकाठचा सपाट, निवांत रस्ता, नवशिक्यांनाही जमेल.’ माझं माहेर दापोली तालुक्यातलं, त्यामुळे वाचतानाच हसू आलं. कोकणात सपाट म्हणावी अशी एकच गोष्ट, ती म्हणजे पुळण, समुद्राकाठची वाळू. तरी साडेनऊ हजार भरले. आजवर माहेरी एस्टीनंच गेले होते. चोपन्नाव्या वर्षी, मुलाची गॅलरीत पडून असलेली एकवीस गिअरची सायकल घेऊन त्याच दिशेनं जायचं, हे मनानं घेतलं ते घेतलंच.

आम्ही नऊ जण होतो. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं सायकलींसकट मांडव्याला उतरलो. तंबू आणि स्वयंपाकाचं सामान पिकअपमध्ये, आपले कपडे, झोपायची पिशवी आणि पाणी आपल्या कॅरिअरवर, अशी वाटणी होती. ही वाटणी मला पटली. ओझं आपलं आपण वाहायचं म्हटलं की माणूस तिसरा ड्रेस घरीच ठेवतो. आयोजकांनी दिलेल्या बॅगा मात्र जुन्या होत्या. माझ्या एका बॅगेचा हूक रेवदंड्याच्या पुलावर तुटला. मग शेवटपर्यंत ती सुतळीनं बांधलेली होती, आणि खरं सांगायचं तर सुतळीनं जास्त चांगली राहिली.

आता चढांबद्दल. कुंडलिका, राजपुरीची खाडी, सावित्री, भारजा, जोग, वाशिष्ठी. यातली प्रत्येक जण समुद्राला मिळते तिथे रस्ता पाण्यापर्यंत खाली येतो, आणि पलीकडे गेलं की लगेच सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढायला लागतो. असं पाच दिवसांत किती वेळा झालं ते मोजायचं मी दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर म्हणजे काहीच नाही, असं पुण्या-मुंबईत वाटतं. वेशवीच्या जेट्टीवरून वर चढताना वाटत नाही. मी तिथे सायकल ढकलली, आणि आमच्यातला पंचविशीचा इंजिनिअरही ढकलत होता. उतारावर लाल धुळीनं ब्रेकचे पॅड असे झिजले की चौथ्या दिवशी बदलावे लागले. जोडीला नवे पॅड नेले होते म्हणून निभावलं. आयोजकांकडे होते ते फक्त डिस्क ब्रेकचे, माझ्या सायकलला न बसणारे.

पण फेरीबोटी! त्यांच्यासाठी मी पुन्हा जाईन. आगरदांड्याहून दिघीला जाताना घामेजलेल्या अंगावर वारा घेत कठड्याला टेकून उभं राहायचं, सायकल दोन रिक्षांच्या मधे, शेजारी बांगडे भरलेली टोपली घेतलेली बाई. ती म्हणाली, ‘‘एवढ्या लांबनं सायकल? घरी भांडण झालं का काय?’’ बागमांडल्याहून वेशवीला गेलं की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो. त्या दहा मिनिटांत मला उगाचच घरी आल्यासारखं वाटलं.

सगळ्यात सुंदर रस्ता दिवेआगरहून श्रीवर्धनला आरावीमार्गे जाणारा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट पाणी, सकाळी सात वाजता रस्त्यावर गाडी नाही. तिथे कुणी बोलतही नव्हतं. नाहीतर आमच्या गटातले एक काका सतत स्वतःचा सरासरी वेग सांगत असायचे.

दिवेआगरचा मुक्काम एका सुपारीच्या वाडीत होता. आयोजकांच्या पोरांनी येऊन झटपट तंबू ठोकले, सावली बघून, म्हणजे थेट नारळांखाली. वाडीच्या मालकीणबाई, सत्तरीच्या पुढच्या, कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘बाबांनो, नारळ काय विचारून पडतो काय?’’ सगळे तंबू काढून अंगणात खळ्यावर लावायला लावले. रात्री दीडच्या सुमारास धप्प असा आवाज आला. सकाळी बघितलं तर आमचा तंबू जिथे होता तिथून दोन हातांवर नारळ. ज्या संस्थेची पोरं कोकणात मुक्काम नेतात त्यांना हे आजीनं शिकवावं लागावं, हा माझा या सफरीवरचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. डांबरट चढांपेक्षाही मोठा.

त्याच आजींनी संध्याकाळी वाडी दाखवली. २०२० च्या जूनमधलं निसर्ग वादळ याच पट्ट्यावर आलं, आणि त्यांच्या उभ्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या. आता नव्या लावलेल्या आहेत, पण सुपारी धरायला वर्षं लागतात. ‘‘मी लावल्या, खाईल नातू,’’ म्हणाल्या. तोवर घरखर्चाला म्हणून अंगण तंबूवाल्यांना देतात, जेवण घालतात. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं. जेवणाला शंभरपैकी शंभर.

पहिल्या रात्रीचं तसं नाही. काशीदजवळ सुरूच्या बनात तंबू टाकले, दिसायला छानच, पण संडासाची सोय काहीही नाही. आम्ही तिघी बायका होतो. विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘‘काकू, निसर्गात सगळं होतं.’’ मी त्याला म्हटलं, बाळा, मग निसर्गाची जाहिरात करताना तेही लिहीत जा. पुढच्या सगळ्या रात्री घरांच्या आवारात होत्या, तिथे अडचण आली नाही. पैसे भरण्याआधी प्रत्येक मुक्कामाचं हे एक विचारून घ्या, विशेषतः बायकांनी.

दुसरं म्हणजे दव. डिसेंबरात किनाऱ्यावर रात्री इतकं दव पडतं की एकेरी कापडाच्या तंबूत आतून थेंब गळतात. पहाटे चारला माझ्या नाकावर एक थेंब पडला. त्यानंतर झोप कुठली. यांचे तंबू सगळे एकेरी.

आणि पुळणीवरून सायकल चालवणं. ओहोटीला वाळू घट्ट असते, मजा येते, फोटो तर झकास येतात. त्यासाठीच नेतात. पण खारं पाणी चेनला लागलं की सकाळपर्यंत गंज धरतो. गोड्या पाण्यानं धुवून तेल घालायला हवं, हे कुणी सांगितलं नाही. वेळासला एका घरच्या विहिरीवर मी स्वतः दोन कळश्या ओढल्या, मग बाकीच्यांच्याही सायकली तिथे आल्या. त्या नाना फडणवीसांच्या गावी माझा अर्धा दिवस असा चेन घासण्यात गेला. वेळासच्या किनाऱ्यावरची कासवांची पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्चची तुकडी घ्या, डिसेंबरात तिथे पिल्लं नसतात.

केळशीच्या अलीकडे आडवाटेनं नेलं ते मात्र फार आवडलं. दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे रचलेली कुंपणं, मधे पाणंद, सायकल जेमतेम जाईल एवढी. मधे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आली तेव्हा सायकली खांद्यावर घेतल्या. वेगवाल्या काकांची सरासरी तिथे कोसळली.

शेवटच्या दिवशी हर्णै, कर्दे, लाडघर करत दाभोळला आलो आणि बोटीनं धोपाव्याला उतरून गुहागर गाठलं. परतीचा टेम्पो अडीच तास उशिरा आला. तोवर समुद्रावर बसून मी सुतळी सोडवत होते, गाठ ओली होऊन घट्ट बसली होती.

साडेनऊ हजारांत जेवण, मुक्काम, फेरीबोटींची तिकिटं, पिकअप आणि परतीचा टेम्पो आलं. पैसे वाजवी आहेत. घाट चढायची आठ-पंधरा दिवस सवय करून, स्वतःचा दुहेरी कापडाचा तंबू घेऊन जाणार असाल तर जरूर जा. मी तो मागवलाय. मुलगा परवा विचारत होता, सायकल गॅलरीत का नाही. सोसायटीच्या खाली आहे, म्हटलं, रोज लागते मला.